शिपमेट एकत्र जमले की आठवणींचं काय होतं?

माझे मामा नौदलातून निवृत्त झालेले. इंजिनरूममध्ये होते. पंधरा वर्षं नोकरी करून बाहेर पडले आणि नंतर भोसरीच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर आणि डिझेल जनरेटर सांभाळत रिटायर झाले. त्यांच्या एका जहाजावरचे जुने सोबती दरवर्षी डिसेंबरात, 4 तारखेच्या नौदल दिनाच्या आगेमागे एखादा रविवार बघून निगडीत जमतात. कुणी चिखलीहून येतं, कुणी दिघीहून, कुणी थेट साताऱ्याहून. बहुतेकांची साठी कधीच उलटली आहे, पण हॉलमध्ये शिरले की एकमेकांना 'चीफ', 'ए स्टोकर' अशाच हाका. जेवण होतं, ग्रुप फोटो होतो आणि मग एकदा 'त्या रात्रीची' गोष्ट निघते.

गोष्ट अशी. समुद्रात असताना रात्री इंजिनरूममध्ये इंधनाची लाइन फुटून आग लागली. चीफ खाली धावले, धुरातून हाताने चाचपडत त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि जहाज वाचलं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. तीन वर्षांपूर्वी मी मुद्दाम त्या कार्यक्रमाला गेले आणि मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलं. माझी पीएचडी माणसाच्या स्मृतीवर आहे, त्यामुळे मला वाटलं, चला, आयता खजिना मिळाला.

रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी एक काका म्हणतात, "चीफ येण्याआधीच व्हॉल्व्ह बंद होता. त्या वॉचवरच्या पोराने केला होता." लगेच दोघे-तिघे म्हणतात, "अरे, तू तर वर होतास!" सगळे हसतात, गोष्ट पुढे जाते. पुढच्या वर्षी ते काका नव्हते. त्यांना नेमकं काय दिसलं होतं, ते कुठे उभे होते, कुठला पोरगा, हे आता कोण सांगणार? माझ्याकडे त्यांचं एक वाक्य आहे, तेही हसण्याच्या आवाजात अर्धं बुडालेलं.

ज्या विषयावर मी दिवसभर पेपर वाचते, त्याच विषयातली चूक मी घरच्याच माणसांबरोबर केली. ती चूक काय होती, हे सांगायला हा लेख. तुमच्या घरात कुणी माजी सैनिक असेल, किंवा जुन्या कंपनीतले, शाळेतले लोक दरवर्षी भेटत असतील, तर तुमच्याही कामाला येईल.

आधी एक छोटा हिशेब

आपली साधी समजूत अशी असते की चार माणसं एकत्र बसली की जास्त आठवतं. एकाला एक आठवतं, त्यावरून दुसऱ्याला दुसरं. ही समजूत अर्धी खरी आहे. गटाला एकट्या माणसापेक्षा जास्त आठवतं, यात शंका नाही. पण तुलना नेमकी कशाशी करायची, तिथे गोम आहे.

समजा, त्या रात्रीबद्दल आठवण्यासारख्या एकूण 30 गोष्टी आहेत. तीन शिपमेटना तीन वेगळ्या खोल्यांत बसवलं आणि प्रत्येकाने 12 गोष्टी लिहिल्या. तीन कागद एकत्र केले, दोनदा आलेल्या गोष्टी एकदाच मोजल्या, तर समजा 22 गोष्टी हाती लागल्या. आता अशाच तिघांना एका टेबलाशी बसवून एकत्र आठवायला सांगितलं, तर किती? प्रयोग सांगतात की आकडा 22 पेक्षा कमी येतो. समजा 17. (हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतलेत. प्रत्यक्षात फरक प्रयोगागणिक बदलतो.)

म्हणजे एकत्र बसल्यामुळे पाच गोष्टी गळाल्या. वेल्डन आणि बेलिंजर यांनी 1997 साली हा परिणाम नीट दाखवला आणि त्यानंतर शब्दांच्या याद्या, गोष्टी, चित्रं अशा अनेक प्रकारच्या साहित्यावर तो पुन्हा पुन्हा दिसला आहे. संशोधक त्याला 'कोलॅबोरेटिव्ह इनहिबिशन' म्हणतात. आपण त्याला 'एकत्र आठवण्याचा तोटा' म्हणू.

पहिल्यांदा वाटतं, आळस असेल. दुसरा बोलतोय ना, मग मी कशाला डोकं खाजवू? पण लोकांना जास्त आठवण्यासाठी प्रोत्साहन देऊनही हा तोटा पूर्ण जात नाही. मग कारण काय?

प्रत्येकाचा जिना वेगळा

त्याच वर्षी बॅस्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं स्पष्टीकरण आजही सगळ्यात जास्त मानलं जातं. आपण आठवतो तेव्हा काहीतरी क्रम धरून आठवतो आणि प्रत्येकाचा क्रम वेगळा असतो.

जहाजाचंच बघा. इंजिनरूमचा माणूस ती रात्र जागेनुसार आठवतो: पहिला बॉयलर, मग पंप, मग शिडी, मग वरचं झाकण. सिग्नलवाला वेळेनुसार आठवतो: किती वाजता कुठला संदेश आला. गॅलीतला स्वयंपाकी वेगळ्याच वाटेने जातो: त्या दिवशी कुठलं जेवण होतं, कुठल्या बंदरातून रेशन भरलं होतं. तिघेही आपापल्या जिन्याने खाली उतरताहेत. आता तिघांना एकाच वेळी बोलायला लावलं की स्वयंपाकी बंदरापर्यंत पोहोचतो न पोहोचतो, तोच सिग्नलवाला म्हणतो, "सव्वा दोन वाजले होते." स्वयंपाक्याचा पाय जिन्यावरून सुटला. त्याच्या पुढच्या चार पायऱ्या राहूनच गेल्या.

हे स्पष्टीकरण बरोबर असेल, तर गळालेल्या गोष्टी कायमच्या पुसल्या जायला नकोत. आणि तसंच दिसतं. नंतर त्या माणसाला एकट्याला विचारलं, तर त्यातल्या काही परत येतात. सगळ्या नाहीत, काहीच. कारण मधल्या काळात आणखी दोन गोष्टी घडलेल्या असतात.

जे नव्हतं ते शिरतं, जे होतं ते निसटतं

पहिली गोष्ट म्हणजे संसर्ग. रोडिगर, मीड आणि बर्गमन यांनी 2001 साली एक मजेशीर प्रयोग केला. दोन माणसं घरातल्या खोल्यांची चित्रं बघतात आणि मग आळीपाळीने काय काय पाहिलं ते सांगतात. त्यातला एक माणूस संशोधकांनीच पेरलेला. तो मध्येच चित्रात नसलेल्या वस्तूंची नावं घेतो, उदाहरणार्थ स्वयंपाकघरात टोस्टर. नंतर खऱ्या सहभागी व्यक्तीला एकट्याने लिहायला सांगितलं, तर अनेकांच्या यादीत तो टोस्टर येतो. वस्तू त्या खोलीत शोभणारी असेल तर जास्तच. आगीच्या गोष्टीत 'चीफ खाली धावले' हे किती शोभतं, याचा विचार करा.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. क्यूक, कॉपेल आणि हर्स्ट यांनी 2007 साली दाखवलं की एखादा माणूस गोष्ट सांगताना काही तपशील घेतो आणि त्यांच्या लगतचे काही सोडतो, तेव्हा सोडलेले तपशील सांगणारा तर विसरतोच, पण ऐकणाराही विसरतो. आणि गंमत म्हणजे, ज्या विषयाला अजिबात हातच लावला नाही तो त्या मानाने सुरक्षित राहतो. ज्या रात्रीची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते, त्याच रात्रीतले न सांगितलेले तपशील जास्त धोक्यात असतात.

आता हे सगळं वार्षिक भेटीला लावून बघा. दरवर्षी तीच गोष्ट, साधारण तेच सांगणारे, तेच हशे. दर खेपेला काही तपशील घट्ट होतात, काही पुसट होतात आणि सगळ्यांच्या आठवणी एकमेकींसारख्या होत जातात. वीस वर्षांनी दहा माणसं एकच गोष्ट सांगतात. बाहेरच्याला वाटतं, दहा साक्षीदार! प्रत्यक्षात तो एकच साक्षीदार दहा तोंडांनी बोलत असू शकतो. 'वॉचवरचा पोरगा' अशा गोष्टीत टिकत नाही. तो भेटींना येत नसेल, किंवा त्याच्या बाजूने बोलणारा एकच असेल, तर मुळीच नाही.

माझी चूक आता लक्षात आली असेल. मी गटाचं रेकॉर्डिंग केलं. करायला हवं होतं ते एकेकाचं, आणि तेही जमण्याआधी.

मग भेटूच नये का?

छे! असं म्हटलं तर मामा मला घरात घेणार नाहीत. दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे.

एकत्र आठवण्याचा तोटा बहुतेक वेळा अनोळखी लोकांच्या गटांवर मोजला गेला. मीड, नोक्स आणि मॉरो यांनी 2009 साली वैमानिकांवर प्रयोग केला. वैमानिक नसलेले आणि नवशिके वैमानिक यांना उड्डाणासंबंधीचे प्रसंग जोडीने आठवायला लावले, तर नेहमीचा तोटा दिसला. अनुभवी वैमानिकांच्या जोड्यांना मात्र उलट फायदा झाला. त्यांचं बोलणं तपासल्यावर दिसलं की ते जोडीदाराचं वाक्य तोडत नव्हते. ऐकलेलं पुन्हा म्हणत होते, मान्य करत होते, त्यावर भर घालत होते. जहाजावरही हीच सवय लावतात. पुलावरून हुकूम आला की इंजिनरूम तो जसाच्या तसा परत म्हणते आणि मग अमलात आणते. म्हणजे एकमेकांना नीट ऐकून आठवण्याचं कसब या माणसांच्या अंगात आधीच आहे. जेवणानंतरच्या गप्पांत ते बाजूला राहतं, एवढंच.

शिवाय भेटीचं काम फक्त माहिती गोळा करणं नाही. हंट आणि रॉबिन्स यांनी 2001 साली दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की युद्धातल्या त्रासदायक आठवणी ही माणसं जुन्या सोबत्यांपाशी काढतात. घरच्यांचा आधार असतो, पण तो रोजच्या व्यवहाराचा. जे बायको-मुलांना सांगत नाहीत, ते संघटनेच्या बैठकीत सांगतात. एल्डर आणि क्लिप यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांबद्दल 1988 साली लिहिलं की ज्यांनी लढाईत सोबती गमावले, त्यांनी उरलेल्यांशी नातं चाळीस वर्षांनंतरही जास्त टिकवलेलं होतं.

हे वाचताना मला आयएनएस खुकरी आठवते. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने तिला बुडवलं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. वाचलेले 67. दीवला समुद्राकाठी तिचं स्मारक आहे. त्या 67 जणांनी एकमेकांना भेटणं आणि आपण फोटो बघून हळहळणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि वयाचाही मुद्दा आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. नौदलात मुलं सतरा-अठराव्या वर्षी जातात. म्हणजे जहाजावरची वर्षं नेमकी त्या उंचवट्यावर. चेहऱ्यांचं तर विचारूच नका. बारिक आणि सहकाऱ्यांनी 1975 साली 392 माजी विद्यार्थ्यांना शाळेतल्या सोबत्यांचे फोटो दाखवले. तीसेक वर्षांनंतरही जवळपास 90 टक्के चेहरे ओळखले जात होते. फोटो बघून नाव आठवणं मात्र बरंच अवघड. निगडीच्या हॉलमध्ये "हा रे हा, काय बरं याचं नाव!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, मोजलं नाही.

बुडालेलं जहाज आणि विखुरलेल्या साक्षी

विस्कळीत, एकमेकींशी न जुळणाऱ्या आठवणींची खरी किंमत काय असते, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे.

19 नोव्हेंबर 1941 ला पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून दूर ऑस्ट्रेलियाची युद्धनौका सिडनी आणि मालवाहू जहाजाच्या वेशातली जर्मन नौका कोर्मोरान यांची गाठ पडली. दोन्ही बुडाल्या. सिडनीवरचे सर्वच्या सर्व 645 जण गेले. कोर्मोरानचे तीनशेहून जास्त वाचले आणि पकडले गेले. जहाज कुठे बुडालं, असं त्यांना विचारल्यावर उत्तरं वेगवेगळी आली. त्यामुळे पुढे अनेक वर्षं काही लोक म्हणत राहिले की जर्मन खोटं बोलले.

किर्सनर आणि डन या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या साक्षी पुन्हा काढल्या. बार्टलेट या केंब्रिजच्या संशोधकाने 1932 च्या पुस्तकात, एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलेली गोष्ट कशी बदलत जाते, याचे प्रयोग मांडले होते. साक्षींमधली विसंगती त्याच जातीची आहे का, हे या दोघांनी तपासलं. निघालं की आहे. ठरवून खोटं बोलले असते तर उत्तरं जास्त जुळली असती. इथे काहींनी प्रत्यक्ष पाहिलं होतं, बाकीच्यांनी त्यांच्याकडून ऐकलं होतं आणि ऐकता ऐकता आकडे घसरले होते. मग सगळ्या साक्षी एकत्र तोलून त्यांनी नकाशावर एक बिंदू काढला. मार्च 2008 मध्ये शोधमोहिमेला दोन्ही जहाजं सापडली. मोहिमेने इतर पुरावेही वापरले होते, पण कोर्मोरान त्या बिंदूपासून जेमतेम काही सागरी मैलांवर होती.

यातून घ्यायची गोष्ट ही: साक्षी जुळत नव्हत्या, पण वेगवेगळ्या लिहून ठेवलेल्या होत्या, म्हणून साठ-सत्तर वर्षांनीही त्यांच्यातून काहीतरी निघालं. सगळ्यांनी मिळून एकच गुळगुळीत हकिगत दिली असती, तर तोलायला काही उरलंच नसतं.

आपल्या भागात हे का महत्त्वाचं

लोणावळ्याची आयएनएस शिवाजी 1945 पासून नौदलाच्या इंजिनवाल्यांना शिकवते. तिथून लोकलने तासाभरात चिंचवड. नोकरी संपवून आलेली किती माणसं आपल्या पट्ट्यात, चाकणपर्यंतच्या कारखान्यांत बॉयलर, पॉवरहाऊस, मेंटेनन्स सांभाळत राहिली, हे इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. प्रत्येक सोसायटीत एखादे तरी नौदलवाले काका सापडतील.

विक्रांत तर तुम्हाला माहीतच आहे. 1961 साली सेवेत आली, 1971 ला पूर्वेच्या समुद्रात लढली आणि तेही एका बॉयलरला तडा गेलेला असताना. 1997 ला निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय होती आणि 2014 मध्ये भंगारात निघाली. तिचा धातू आकुर्डीच्या बजाज ऑटोने घेतला आणि 2016 मध्ये त्यातून मोटरसायकलच्या टाक्या बनल्या. म्हणजे जहाजाचा थोडा धातू आजही आपल्या सिग्नलवर उभा असतो. पण तडा गेलेल्या बॉयलरशेजारी चार-चार तास उभं राहणं कसं होतं, हे धातू सांगत नाही. ते ज्यांना माहीत आहे, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत.

मग करायचं काय?

काँगलटन आणि राजाराम यांचा 2011 चा प्रयोग इथे थेट उपयोगी पडतो. एकत्र बसण्याआधी प्रत्येकाने एकट्याने, पुन्हा पुन्हा आठवण्याचा सराव केला असेल, तर एकत्र आठवण्याचा तोटा नाहीसा होतो. ज्याचा जिना आधी पक्का झालाय, त्याचा पाय दुसऱ्याच्या बोलण्याने सुटत नाही. त्यावरून मी स्वतःसाठी ही पद्धत ठरवली आहे:

1. भेटीआधी एकेकट्याला गाठा. भेटीच्या महिनाभर आधी, निदान दोनदा. लिहिता येत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. एकाने काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगू नका.
2. "काय झालं?" असं विचारू नका. त्याचं उत्तर तयार गोष्टच असते. "तुम्ही कुठे उभे होता? तिथून काय दिसत होतं? वास कसला होता?" असं विचारा. जहाजाचा आराखडा त्यांच्याच हाताने काढून घ्या.
3. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं मांडा. कागदाचे दोन रकाने करा. ज्येष्ठांना हे विचारताना राग येत नाही, उलट ते थांबून विचार करतात, असा माझा अनुभव आहे.
4. भेटीत गप्प बसणाऱ्याकडे आधी जा. आणि जे भेटीला येतच नाहीत त्यांच्याकडे त्याहून आधी.
5. न जुळणाऱ्या गोष्टी जुळवू नका. दोन्ही तारखेसह लिहून ठेवा. निकाल लावायची घाई नको.

आणि मग भेटीत खुशाल बसा. गोष्ट नेहमीसारखी होऊ दे, चीफना धावू दे, सगळ्यांना हसू दे. त्या हसण्याची जागा कुठलाच कागद घेऊ शकत नाही.

मागच्या महिन्यात मी मामांना एकट्याला बसवलं आणि आराखडा काढून घेतला. स्वतःची जागा दाखवताना त्यांनी पेन्सिल शिडीच्या वर टेकवली. इंजिनरूममध्ये नाही, वर. "म्हणजे व्हॉल्व्ह कुणी बंद केला ते तुम्ही पाहिलं नाही?" मी विचारलं. ते बराच वेळ आराखड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही गं. ऐकलंय." आणि थोड्या वेळाने, "त्या वॉचवर कोण होतं, ते केरळच्या एकाला विचारता येईल. तो भेटींना येत नाही. नंबर शोधतो."

नंबर अजून मिळायचा आहे.